हार घालून झाला, आता लॅबच्या वेळेचं बोलूया

आधी एक कबुली देते. कॉलेजात असताना आठ मार्चचं पोस्टर करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. मास कॉमची मुलगी, फोनवर डिझाइन करता येतं, मग काय! ‘तूच कर गं, तुला पाच मिनिटांचं काम आहे.’ मीही करायचे. एका शास्त्रज्ञ बाईंचा फोटो शोधायचा, गोल कापायचा, खाली ‘पहिल्या भारतीय महिला अमुक तमुक’ असं लिहायचं आणि कडेनं फुलांची बॉर्डर टाकायची. वीस मिनिटांत काम खल्लास.

शेवटच्या वर्षी माझ्या पोस्टरवर डॉ. कमला सोहोनी होत्या. सायन्स बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर ते लावायला गेले, तर २८ फेब्रुवारीचं, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाचं पोस्टर अजून तिथंच होतं. त्यावर सर सी. व्ही. रामन. ते उतरवायचा कंटाळा आला म्हणून मी माझं पोस्टर शेजारीच टोचलं. इकडे रामन, तिकडे कमलाबाई. दिसायला छान दिसत होतं.

एम. एस्सी. करणारी माझी एक मैत्रीण तेवढ्यात तिथून चालली होती. ती थांबली, दोन्ही पोस्टरं पाहिली आणि हसली. म्हणाली, “या दोघांची पहिली भेट कशी झाली होती, माहितीये का तुला?”

मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहितीये?

तर ऐका. १९३३ सालची गोष्ट. कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, तीही पहिल्या नंबरानं. लेखिका दुर्गाबाई भागवत तुम्हाला माहीत असतील, त्यांची ही बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलानं तिथंच अर्ज केला. घरातलीच वाट होती ती. संस्थेचे संचालक होते रामन. त्यांना नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती. अर्ज नामंजूर झाला. कारण मार्क कमी होते असं नाही. कारण अर्ज मुलीचा होता.

मी त्या जागी असते तर? खरं सांगायचं तर घरी बसून रडले असते आणि दुसरीकडे अर्ज टाकला असता. साधारण माझ्याच वयाची ही मुलगी मात्र बंगळुरूला गेली आणि थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला प्रवेश का नाही, हे विचारायला. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ, तिनंही हटायचं नाही असं ठरवलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. गाईड म्हणतील तेव्हा काम करायचं, मग रात्र असली तरी. आणि तिसरी अट तर ऐकाच: तिच्या असण्यामुळे लॅबचं वातावरण बिघडता कामा नये.

म्हणजे बघा, लॅबमध्ये मुलं होती, त्यांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदारी तिची!

तिनं त्या अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या नावाचे गाईड तिला मिळाले. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर तिनं काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना तिच्या कामात खोट काढता आली नाही. तिला नियमित केलं गेलं आणि मुलींना संस्थेत घ्यायला रामन तयार झाले. १९३६ मध्ये तिनं एम. एस्सी. पूर्ण केली. पुढे केंब्रिज. तिथं वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असतं, हे तिनं दाखवून दिलं. हे श्वसनाच्या साखळीतलं महत्त्वाचं प्रथिन. बारावीच्या बायोलॉजीत आपण त्याचं नाव पाठ केलंय, तेच. पीएच. डी.चा प्रबंध होता जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ मध्ये पदवी घेऊन ती भारतात परतली.

ही सगळी गोष्ट माझ्या मैत्रिणीनं मला नोटीस बोर्डासमोर उभ्या उभ्या सांगितली. आणि शेवटी एक वाक्य टाकलं. म्हणाली, “निदान तिला रात्री लॅबमध्ये थांबू तरी दिलं.”

मग तिनं घड्याळ पाहिलं आणि पळाली. साडेसात झाले होते. तिच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद व्हायचं. त्या दिवशी तिनं लॅबमध्ये कॉलम लावला होता. सायन्सवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: काचेच्या उभ्या नळीतून द्रावण थेंबाथेंबानं खाली उतरतं आणि त्यातली रसायनं वेगळी होत जातात. त्याला चारसहा तास सहज लागतात आणि मधेच सोडून गेलात की दिवसाची मेहनत पाण्यात. तिच्या बॅचची मुलं दहा-साडेदहापर्यंत थांबायची. हिचा कॉलम रोज कोणीतरी दुसऱ्यानं बघायचा. आधी ‘बघतोस का रे जरा’ अशी विनंती, मग उपकार, मग कॅन्टीनमध्ये चहा पाजणं. प्रोजेक्टवर नाव हिचं, आणि निम्मं काम दुसऱ्याच्या मेहरबानीवर.

१९३३ मध्ये एका मुलीला सांगितलं की रात्री काम करावं लागेल. नव्वद वर्षांनी दुसरीला सांगितलं की रात्री काम करता येणार नाही. दोन्ही वेळा कधी काम करायचं, हे ठरवलं कोणी? काम करणारीनं नाही, एवढं नक्की.

मंडळी, आज मला तुमच्याशी याच विषयावर बोलायचंय. शास्त्रज्ञ स्त्रियांचा गौरव आपण जोरात करतो. ११ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचा विज्ञानातल्या स्त्रिया आणि मुलींचा दिवस, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, ८ मार्चला महिला दिन. महिनाभर स्टेटस, रील, प्रश्नमंजूषा, व्याख्यान, शाल-श्रीफळ. करायलाच हवं, माझी तक्रार त्यावर नाही. माझी तक्रार आपण गोष्ट कुठून कुठपर्यंत सांगतो यावर आहे. ‘अनेक अडचणींवर मात करून त्यांनी यश मिळवलं’ हे वाक्य तुम्ही किती भाषणांत ऐकलंय? त्या अडचणी म्हणजे काय पाऊस होता का? आपोआप आला? अडचण म्हणजे एक नियम होता. त्यावर कोणाची तरी सही होती. ते नाव आपण सांगत नाही, कारण कार्यक्रम छान चाललेला असतो.

अजून दोन-तीन गोष्टी सांगते. याही पोस्टरवरच्याच बायकांच्या आहेत.

पुण्यातले असाल तर शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून शंभर वेळा गेला असाल. तिथल्या हवामान खात्यात १९४८ मध्ये ॲना मणी नावाच्या केरळच्या बाई रुजू झाल्या. पर्जन्यमापक, वायुभारमापक अशी उपकरणं तेव्हा बाहेरून यायची. मणी यांनी जवळपास शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे ती इथंच बनवता यावीत. देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभी केली. आज सोलर पॅनल कुठे लावायचं, पवनचक्की कुठे उभारायची, या हिशोबाचा पाया त्यांच्या मोजणीत आहे. त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

आता मागची गोष्ट. हवामान हा काही त्यांचा पहिला विषय नव्हता. १९४० ते ४५ त्यांनी रामन यांच्याच लॅबमध्ये हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं. पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला पीएच. डी.चा प्रबंध सादर केला. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एम. एस्सी.ची पदवी नाही, सबब पीएच. डी. नाही. प्रबंधात काय आहे हा प्रश्नच नव्हता. त्यानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती हवामानाच्या उपकरणांसाठी. तीच घेतली. आपण त्यांना आयुष्यभर ‘डॉक्टर’ न होता काम केलेल्या शास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, ते यामुळे.

मुंबईकरांसाठी बिभा चौधुरी. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी डोंगरावर फोटोच्या काचा ठेवून वैश्विक किरणांतले कण शोधले. १९४०च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये त्यांचे निबंध आले. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात, काम तिथंच अडलं. पुढे अधिक चांगल्या काचा वापरून त्याच प्रकारचं काम करणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. बिभाताई १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं. आकाशात नाव लागलं, पण आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय?

आणि दर्शन रंगनाथन. सेंद्रिय रसायनशास्त्रातलं मोठं नाव. पती आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक होते. नवरा-बायको दोघांना एकाच ठिकाणी प्राध्यापक म्हणून घ्यायचं नाही, असा तिथं अलिखित नियम. मग बाईंनी काय करावं? फेलोशिपवर संशोधन केलं, वर्षानुवर्षं. ‘अलिखित’ या शब्दाकडे लक्ष द्या. लिहिलेल्या नियमाविरुद्ध अर्ज करता येतो. अलिखित नियमाविरुद्ध कोणत्या खिडकीवर जायचं?

म्हणून मला ‘पहिली’ या शब्दाचं हल्ली थोडं वेगळंच वाटतं. कमलाबाईंना विज्ञानातल्या पहिल्या भारतीय पीएच. डी. स्त्री म्हणतात, तर काही जण म्हणतात, जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली होती. हा वाद क्विझला ठीक आहे. पण ‘पहिली’ आली ही तारीख त्या बाईच्या हुशारीची नसते. हुशार बायका आधीही होत्या. ती तारीख असते दार कधी उघडलं याची. केंब्रिजसुद्धा घ्या. कमलाबाई तिथून १९३९ मध्ये संशोधन करून आल्या. पण स्त्रियांना पुरुषांसारखी पूर्ण पदवी आणि विद्यापीठात पूर्ण स्थान द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावं लागलं. लाज वाटायची असेल तर ती कोणाला वाटायला हवी?

मला माहितीये, आता तुमच्यातलं कोणीतरी म्हणणार, ‘अगं, ते जुनं झालं. आता मुलीच टॉप करतात.’ खरंय, करतात. बी. एस्सी.च्या वर्गात मुली आज निम्म्याच्या आसपास आहेत, स्वतःच्या वर्गात मोजून बघा. पण पुढे? केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आकडेवारी सांगते की संशोधनाच्या कामात थेट असलेल्या लोकांत स्त्रिया पाचात एकीपेक्षाही कमी आहेत. वर्गात निम्म्या आणि लॅबमध्ये पाचातली एकही पुरती नाही. मधल्या मुली कुठे गेल्या? सगळ्यांनाच संशोधनाचा कंटाळा आला, यावर माझा तरी विश्वास नाही. कोणी कॉलम दुसऱ्याच्या भरवशावर सोडून सोडून कंटाळली. कोणाला फील्डवर पाठवलं नाही. कोणाला मुलाखतीत विचारलं, ‘लग्नाचं काय?’

दुसरा मुद्दा, तो घरूनही येतो: सुरक्षितता. ‘रात्री-बेरात्री काही झालं तर जबाबदार कोण?’ आईबाबांची काळजी खोटी नाही, मी तिची टिंगल करणार नाही. पण काळजीचा उपाय काय, हे बघू. लॅबपासून हॉस्टेलपर्यंत दिवे लावणं हा उपाय आहे. दहा वाजता एक गाडी सोडणं हा उपाय आहे. लॅबच्या मजल्यावर मुलींसाठी चालू, स्वच्छ स्वच्छतागृह हाही उपाय आहे. मुलीला आठ वाजता कुलपात ठेवणं हा स्वस्तातला मार्ग झाला. त्यात संस्थेचा एक रुपयाही जात नाही, जातं ते मुलीचं संशोधन.

आणि हे फक्त माझं मत नाही. लैंगिक छळ रोखण्यासाठी यूजीसीनं २०१५ ची जी नियमावली काढली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून हॉस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर पहारा ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे, असा तिचा सूर आहे. नियम आहे, छापलेला आहे. नोटीस बोर्डावर तो कधी पाहिलाय का? मी पाच वर्षं कॅम्पसवर काढली, नाही पाहिला. बोर्डावर फुलांचं पोस्टर मात्र होतं. तेही मीच लावलेलं!

रामन यांना खलनायक करायचं का मग? मुळीच नाही. त्यांचं पोस्टर काढू नका. त्यांचं विज्ञान मोठं होतं आणि मुलींबाबतचं मत कोतं होतं, या दोन्ही गोष्टी एका माणसात होत्या. कमलाबाईंनाही ते विसरता आलं नव्हतं, पुढे त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण पुरावा समोर आल्यावर त्यांना नियम बदलावा लागला, हेही तितकंच खरं. प्रयोगात चुकीचं उत्तर आलं तर आपण वहीत ते खोडत नाही, शेजारी कारण लिहितो. इतिहासालाही तसंच वागवूया. दोन्ही पोस्टरं लावा, आणि मधे एक कागद लावा, त्यावर १९३३ चं काय झालं ते लिहा.

या बायकांनी स्वतः काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या, काळा घोड्याजवळची ती दगडी इमारत. तिथं त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर डाळी, नीरा, ताडगूळ अशा गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर संशोधन केलं. संचालकपद मिळायला मात्र ताटकळावं लागलं, तिथंही बाई असणं आड आलं. मूळच्या पुण्याच्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे कॅन्सरवरच्या संशोधनासाठी ओळखल्या जातात. १९७३ मध्ये त्यांनी आणि इतर वैज्ञानिक स्त्रियांनी मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. आज वाशीत या संघटनेचं काय आहे, माहितीये? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी हॉस्टेल आणि पाळणाघर. काम करणाऱ्या बाईला रात्री राहायला जागा हवी आणि दिवसा मूल सांभाळणारं कोणीतरी हवं, हे त्यांना भाषणात सांगावं लागलं नाही.

पुण्याच्याच डॉ. रोहिणी गोडबोले. हुजूरपागा, एस. पी. कॉलेज, मग आयआयटी मुंबई. पुढे त्या कण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या बंगळुरूच्या त्याच संस्थेत, जिथं कमला भागवतला दारातून परत पाठवलं होतं. २००८ मध्ये त्यांनी राम रामस्वामी यांच्याबरोबर ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. जवळपास शंभर भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या गोष्टी त्यात आहेत, बऱ्याच त्यांच्याच शब्दांत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोहिणीताई गेल्या. कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक आहे का बघा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा.

आणि हो, या आठवड्यात अजून चार कामं करा. लॅब बंद व्हायची वेळ मुलांना आणि मुलींना एकच आहे का, विचारा. हॉस्टेलचा नियम लेखी मागा. कागद मिळाला तर सही कोणाची ते वाचा, नाही मिळाला तर तो अलिखित आहे हे कळेल. सायन्स बिल्डिंगच्या कोणत्या मजल्यावर मुलींचं स्वच्छतागृह आहे, ते मोजा. आणि तुमच्या डिपार्टमेंटमधल्या सर्वांत ज्येष्ठ मॅडमना, किंवा लॅबमधल्या मावशींना एकदा विचारा, ‘तुम्ही आलात तेव्हा इथं कसं होतं?’ ते उत्तर लिहून घ्या. पुढच्या वर्षीचं पोस्टर त्यातून करा. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. कोणाचा तरी कॉलम तुम्ही सांभाळत असाल तर चहा पिऊन गप्प बसू नका. अर्जावर सही करा.

अर्ज म्हटल्यावर आठवलं. त्या दिवसानंतर माझ्या मैत्रिणीनं खरंच अर्ज लिहिला. लॅबची वेळ सगळ्यांना सारखी करा आणि हॉस्टेलपर्यंत एक गाडी द्या, एवढंच. चाळीसेक सह्या झाल्या, त्यात तिचा कॉलम बघणारा मुलगाही होता. उत्तर मिळालं, “बघू.” यंदाचा आठ मार्च आला तरी ते ‘बघू’वरच आहे. तिचं एम. एस्सी. झालंय, ती आता दुसऱ्या शहरात पीएच. डी.च्या मुलाखती देतेय. तिच्या जागी आलेली ज्युनियर रोज साडेसातला लॅबमधून पळते. तो अर्ज आता तिनं पुढे चालवायला घेतलाय.

तुमच्या हॉस्टेलच्या नियमाच्या पानाचा फोटो आम्हाला पाठवा. या पानावर त्याबद्दल लिहायचं ठरवलंय, फुलांची बॉर्डर न टाकता.